एव्हिक्शनची नोंद नेमकी कुठे राहते: क्रेडिट रिपोर्टवर की आणखी कुठे?

पाऊलवाट

टेक्सासमधल्या अपार्टमेंटबद्दल विचारते आहे. लीजवर (भाडेकरारावर) तिघांची नावं आहेत, दोन महिन्यांचं भाडं थकलंय आणि दारावर घर रिकामं करण्याची नोटीस लागली आहे. कोर्टात केस अजून दाखल झालेली नाही.

प्रत्येक जण वेगळं सांगतो. कोणी म्हणतं, एव्हिक्शन, म्हणजे कोर्टामार्फत घरातून काढलं जाणं, झालं की क्रेडिट स्कोअर सात वर्षांसाठी गेला. कोणी म्हणतं, क्रेडिट रिपोर्टवर एव्हिक्शन दिसतच नाही, काळजी करू नका. नुसती नोटीस आली तर कुठे नोंद होते का? केस दाखल झाल्यावर घर सोडलं किंवा सगळे पैसे भरले तर नोंद पुसली जाते का? तिघांपैकी दोघांनी आपला वाटा वेळेवर दिला असेल तर ते सुटतात का? आणि व्हिसावर असलेल्यांना याचा काही वेगळा त्रास होतो का?

रानवारा

दोन्ही म्हणणी अर्धी अर्धी खरी आहेत. नोंदी ठेवणाऱ्या यंत्रणा दोन आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात.

पहिली यंत्रणा म्हणजे एक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि ट्रान्सयुनियन हे तीन क्रेडिट ब्युरो. त्यांच्या क्रेडिट रिपोर्टवर ‘एव्हिक्शन’ असा रकाना नाही. घरमालकाने पैशांचं जजमेंट, म्हणजे कोर्टाचा निकाल, मिळवलं तर पूर्वी ते तिथे दिसायचं. जुलै २०१७ पासून ब्युरोंनी नियम कडक केले: कोर्टाच्या कागदावर नाव, पत्ता आणि सोबत सोशल सिक्युरिटी नंबर किंवा जन्मतारीख असेल तरच नोंद घ्यायची. एवढा तपशील कोर्टाच्या कागदांवर सहसा नसतो, त्यामुळे दिवाणी जजमेंट्स रिपोर्टवरून गेली. कोर्टाच्या नोंदींपैकी आज तिथे फक्त दिवाळखोरी दिसते. थकलेलं भाडं कलेक्शन एजन्सीकडे (वसुली करणाऱ्या कंपनीकडे) गेलं तर मात्र ते कर्ज म्हणून तिथे येतं.

दुसरी यंत्रणा म्हणजे भाडेकरूंची पार्श्वभूमी तपासणाऱ्या स्क्रीनिंग कंपन्या. त्या काउंटी (जिल्ह्यासारखा विभाग) कोर्टांच्या संगणकांवरून एव्हिक्शनच्या केसेस गोळा करतात आणि घरमालकांना अहवाल विकतात. तुम्ही अर्जाबरोबर जी फी भरता त्यातून हाच अहवाल मागवला जातो. म्हणून क्रेडिट स्कोअर चांगला, ७६०, असलेल्या माणसाचा अर्जही नाकारला जाऊ शकतो, आणि स्कोअर बघत बसलेल्या माणसाला कारण कळत नाही.

आता तुमचा पहिला प्रश्न. नोटीस हे घरमालकाने भाडेकरूला दिलेलं पत्र आहे, कोर्टाचा कागद नव्हे. त्याची सार्वजनिक नोंद होत नाही. पण पुढचा घरमालक जुन्या लीजिंग ऑफिसला फोन किंवा फॉर्म पाठवून विचारतो तेव्हा भाडं किती वेळा उशिरा आलं, नोटीस दिली होती का, बाकी आहे का, हे तिथून सांगितलं जातं. एवढाच या टप्प्याचा परिणाम, आणि तो निस्तरता येतो.

खरी रेघ पडते ती जस्टिस ऑफ द पीसच्या (टेक्सासमध्ये एव्हिक्शनच्या केसेस चालवणाऱ्या स्थानिक) कोर्टात केस दाखल होते त्या दिवशी. निकाल काहीही लागो, केस नंबर पडला की ती सार्वजनिक नोंद झाली. फेडरल फेअर क्रेडिट रिपोर्टिंग कायद्यानुसार स्क्रीनिंग कंपनी ती सात वर्षं अहवालात दाखवू शकते. अडचण अशी की या कंपन्या दाखल झालेली केस लगेच उचलतात, तिचा निकाल मात्र पुष्कळदा नंतर तपासतच नाहीत. रद्द झालेली केससुद्धा अहवालात नुसती ‘एव्हिक्शन फाइलिंग’ म्हणून पडून राहते.

म्हणून जे काही करायचं ते केस दाखल होण्याआधी करा. टेक्सासमध्ये नोटिशीची मुदत साधारणपणे किमान तीन दिवस असते, पण लीजमध्ये त्याहून कमी लिहिलेली असू शकते. आज लीज काढून ती ओळ वाचा. मग ऑफिसकडून लेजर मागा, म्हणजे कोणत्या तारखेला काय आकारलं आणि काय जमा झालं याचा उतारा. लेट फी तपासा. टेक्सासच्या कायद्यात चारपेक्षा जास्त घरांच्या इमारतीसाठी भाड्याच्या १० टक्क्यांपर्यंत आणि चार किंवा कमी घरांसाठी १२ टक्क्यांपर्यंतची लेट फी वाजवी धरली जाते, आणि देय तारखेनंतर पूर्ण दोन दिवस उलटल्याशिवाय ती लावता येत नाही.

पैसे भरणार असाल तर आधी कसे स्वीकारतील ते विचारा. नोटीस लागल्यावर ऑनलाइन पोर्टल बंद केलं जातं आणि ऑफिस फक्त कॅशियर्स चेक (बँकेने स्वतः काढलेला चेक) किंवा मनी ऑर्डर घेतं, असं नेहमी घडतं. अर्धे पैसे घ्यायला घरमालक बांधील नाही. अर्धे घेतलेच तरी केस करणार नाही, असं लेखी नसेल तर तो केस करू शकतो. बोलणं तोंडी झालं तरी त्याच दिवशी ईमेल टाका: ‘आज आपलं असं ठरलं, अमुक रक्कम अमुक तारखेला, आणि त्या बदल्यात केस दाखल होणार नाही. बरोबर असल्यास कृपया उत्तर द्यावं.’

पैसे उभे राहणारच नसतील तर घर सोडण्याची तारीख द्या. रिकामं घर लवकर हाती आलेलं घरमालकालाही हवं असतं, कारण कोर्टाची फी, वकील आणि मधल्या महिन्यांचं भाडं त्याच्या अंगावर येतं. अशी तडजोड अगदी मोठ्या कॉम्प्लेक्समध्येही होते. फक्त ती मॅनेजरशी करा, फ्रंट डेस्कवरच्या माणसाशी नाही.

तळटीप

केस दाखल झाल्यानंतरचं लिहितो, कारण सर्वांत जास्त नुकसान तिथल्या गैरसमजांमुळे होतं.

‘घर सोडलं म्हणजे केस संपली’ हे चूक आहे. केस आपोआप बंद होत नाही. टेक्सासमध्ये सुनावणी साधारण केस दाखल झाल्यापासून १० ते २१ दिवसांत लागते. त्या दिवशी तुम्ही हजर नसाल तर एकतर्फी निकाल लागतो: ताबा घरमालकाला, आणि त्याने मागितलं असेल तर थकलेलं भाडं आणि कोर्टखर्च तुमच्या नावावर. आठवडाभर आधी किल्ल्या देऊन गेलेल्या माणसाच्या नावावरही असं जजमेंट लागू शकतं, केवळ तो आला नाही म्हणून.

‘पैसे भरले म्हणजे केस संपली’ हेही तसंच. ऑफिसने पैसे घेतले, पण केस मागे घ्यायला वकिलाला कोणी सांगितलंच नाही, हा प्रकार नेहमीचा आहे. घरमालकाने कोर्टात केस मागे घेण्याला टेक्सासमध्ये नॉनसूट म्हणतात. पैसे देताना नॉनसूटची प्रत मागा. कोर्टाच्या वेबसाइटवर केस नंबर टाकून ‘डिसमिस्ड’ दिसेपर्यंत सुनावणीची तारीख जिवंत आहे असं धरा आणि हजर राहा.

निकाल विरुद्ध गेला तर अपील पाच दिवसांत करावं लागतं. ती मुदत संपेपर्यंत ताब्याचं वॉरंट निघत नाही. नंतर कॉन्स्टेबल दारावर किमान २४ तासांची सूचना लावतो आणि मग सामान बाहेर निघतं. नोंदीच्या दृष्टीने जजमेंट आणि प्रत्यक्ष बाहेर काढणं यांत फार फरक नाही. दाखल होऊन रद्द झालेली केस आणि जजमेंट लागलेली केस यांत मात्र खूप फरक आहे. पुष्कळ कंपन्यांच्या निकषांत जजमेंट असेल तर अर्ज थेट नामंजूर होतो आणि रद्द झालेल्या केसवर विचार होतो.

म्हणून तडजोड करताना ‘एवढे पैसे द्या, आम्ही जजमेंट घेतो पण बाहेर काढत नाही’ हा प्रस्ताव आला तर लगेच सही करू नका. कोर्टाच्या व्हरांड्यात, सुनावणीच्या दहा मिनिटं आधी, समोरचा वकील हा कागद पुढे करतो. त्यात बाहेर काढणं टळतं, नोंद टळत नाही. उलट हे मागा: ठरलेल्या तारखेपर्यंत पैसे किंवा ताबा मिळाल्यावर केस रद्द, जजमेंट नाही, उरलेली बाकी किती किंवा शून्य हे आकड्यात, कलेक्शनकडे पाठवणार नाही, आणि पुढच्या घरमालकाने विचारलं तर फक्त राहिल्याच्या तारखा सांगणार. सगळं मिळेलच असं नाही. पण ‘जजमेंट नाही’ आणि ‘बाकी आकड्यात’ या दोन गोष्टी सोडू नका.

जजमेंट आधीच लागलं असेल आणि नंतर पैसे फेडले असतील, तर ते फिटल्याचा कागद कोर्टात दाखल व्हायला हवा. टेक्सासमध्ये त्याला रिलीज ऑफ जजमेंट म्हणतात, इतर अनेक राज्यांत सॅटिस्फॅक्शन ऑफ जजमेंट. पावती तुमच्या घरी असून उपयोग नाही, कारण स्क्रीनिंग कंपनी कोर्टाची फाइल बघते.

कडुलिंब

क्रेडिटच्या बाजूबद्दल मी लिहिते. रानवारा यांनी ‘कलेक्शनकडे गेलं तर’ असं एका वाक्यात उरकलं, पण स्कोअर तिथेच कोसळतो.

घर सोडल्यावर अपार्टमेंट अंतिम हिशेब काढतं: थकलेलं भाडं, लेट फी, रंग, कार्पेट, लीज लवकर मोडल्याची रक्कम, वजा डिपॉझिट. तो हिशेब कुठे पाठवायचा? नवा पत्ता दिला नसेल तर जुन्याच पत्त्यावर, म्हणजे तुम्ही सोडलेल्या घरी. काही आठवड्यांनी तो एजन्सीकडे जातो आणि भाडेकरूला पहिल्यांदा कळतं ते कार लोनसाठी रिपोर्ट काढल्यावर. भारतात परत गेलेल्यांच्या बाबतीत तर हे फारच होतं. टेक्सासमध्ये नवा पत्ता लेखी दिल्याशिवाय घरमालकावर डिपॉझिट परत करण्याचं किंवा कपातीची यादी देण्याचं बंधनच सुरू होत नाही. पत्ता दिला आणि ताबा सोडला की त्याला ३० दिवस असतात. कॅलिफोर्नियात ही मुदत २१ दिवस आणि न्यूयॉर्कमध्ये १४ दिवस आहे.

तेव्हा निघताना नवा पत्ता ईमेलने आणि पत्राने द्या, किल्ल्या परत केल्याची तारखेसह पोच घ्या, आणि प्रत्येक खोलीचे, ओव्हनच्या आतले, फ्रिजमागचे, कार्पेटचे फोटो व व्हिडिओ काढा. लीज संपायला महिने उरले असतील तर आणखी एक लक्षात ठेवा: टेक्सास, कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क या तिन्ही राज्यांत घर पुन्हा भाड्याने देण्याचा वाजवी प्रयत्न घरमालकाने करायला हवा. नवा भाडेकरू आल्यानंतरच्या महिन्यांचं भाडं तुमच्या बिलात दिसलं तर ते लेखी नाकारा.

एजन्सीचं पहिलं पत्र आलं की त्यातल्या माहितीवर हरकत घ्यायला ३० दिवस असतात. त्या मुदतीत लेखी हरकत घेतली तर पुरावा पाठवेपर्यंत एजन्सीला वसुली थांबवावी लागते. पत्रात हिशेबाचा तपशील, लीजची प्रत आणि मूळ घरमालकाचं नाव मागा. सर्टिफाइड मेलने, पोचपावतीसह. फोनवर ‘हो, भरतो’ म्हणू नका आणि ‘सद्भावना म्हणून’ पन्नास डॉलरही पाठवू नका. काही राज्यांत अशा एका हप्त्याने किंवा लेखी कबुलीने दावा लावण्याची मुदत नव्याने सुरू होते.

दावा लावण्याची मुदत आणि रिपोर्टवर दिसण्याची मुदत या वेगळ्या आहेत. लेखी करारावर दावा करायला टेक्सास आणि कॅलिफोर्नियात ४ वर्षं, न्यूयॉर्क आणि न्यूजर्सीत ६ वर्षं. रिपोर्टवर मात्र साधारणपणे ७ वर्षं, आणि ती मोजायची भाडं पहिल्यांदा थकल्याच्या तारखेनंतर १८० दिवसांपासून, म्हणजे जास्तीत जास्त साडेसात. एजन्सीने कर्ज दुसऱ्या एजन्सीला विकलं तरी ही तारीख बदलत नाही. रिपोर्टवर ‘उघडल्याची तारीख’ नवी दिसते म्हणून घाबरू नका. पहिली थकबाकीची तारीख नवी दाखवली असेल तर मात्र ते बेकायदेशीर आहे, हरकत घ्या.

पैसे भरल्यावर स्कोअर वाढतो का? स्कोअर काढायला कोणतं सूत्र वापरतात त्यावर आहे; फायको आणि व्हँटेजस्कोअर ही त्या सूत्रांची नावं, पुढचे आकडे आवृत्तीचे. फायको ९, फायको १० आणि व्हँटेजस्कोअर ३.० व ४.० फेडलेली कलेक्शन्स धरत नाहीत. फायको ८ फेडलेली असली तरी धरतं, फक्त मूळ रक्कम १०० डॉलरपेक्षा कमी असलेली सोडून देतं. गृहकर्ज देणाऱ्या बँका बराच काळ याहून जुनी सूत्रं वापरत आल्या आहेत. म्हणून पैसे देण्याआधी ‘रक्कम मिळाल्यावर नोंद तिन्ही ब्युरोंकडून काढू’ असं एजन्सीकडून लेखी मिळतं का बघा. एजन्सी त्याला बांधील नाही, पण एकरकमी पैसे समोर दिसले की पुष्कळदा तयार होते. तयार नसली तरी खरी बाकी असेल तर फेडलेली बरी, कारण घरमालक स्कोअरपेक्षा ‘मागच्या घरमालकाचे पैसे बाकी’ या शब्दांना जास्त भितात.

पाऊलवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. रूममेट आणि व्हिसाचं राहिलं. शिवाय एक शंका: पासपोर्टवर वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून आहे, लीजवर ते नाही, आणि आडनाव अगदी सर्रास आढळणारं आहे. चुकून दुसऱ्याची केस माथी येऊ शकते का?

निलगिरी

येऊ शकते, आणि आपल्याकडच्या नावांना हा धोका जास्त आहे. कोर्टाच्या एव्हिक्शन नोंदीत बहुतेक वेळा फक्त नाव आणि पत्ता असतो, जन्मतारीख नसते. नुसत्या नावावरून जुळणी केली की ‘अमित पाटील’ किंवा ‘स्नेहा जोशी’ या नावाच्या कितीतरी माणसांना एकच केस चिकटू शकते. केस डॅलसची आणि माणूस तेव्हा पुण्यात, असंही होतं. असं झालं तर त्या काळातला भारतातला पुरावा, म्हणजे पासपोर्टवरचा पहिला अमेरिकन शिक्का, पगाराची पत्रकं, बँक स्टेटमेंट, हरकतीसोबत जोडा. तुमच्यासाठी सोपी खबरदारी अशी की लीज, बँक, ड्रायव्हिंग लायसन्स आणि अर्ज या सगळ्यांवर नाव एकाच पद्धतीने लिहा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर अर्जात दोन्ही नावं द्या.

चुका फक्त नावाच्या नसतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये ट्रान्सयुनियनच्या भाडेकरू-स्क्रीनिंग कंपनीविरुद्ध फेडरल ट्रेड कमिशन आणि सीएफपीबी या ग्राहकांचं संरक्षण करणाऱ्या फेडरल संस्थांनी कारवाई केली आणि १.५ कोटी डॉलरला तडजोड झाली. त्यातल्या तक्रारी बघितल्या तर कळतं काय शोधायचं: एकाच केसच्या अनेक नोंदी, चुकीचा निकाल, आणि सील झालेल्या (कोर्टाने लोकांपासून झाकलेल्या) केसेस अहवालात. त्याआधी २०२० मध्ये असेच स्क्रीनिंग अहवाल देणाऱ्या अॅपफोलिओने ४२.५ लाख डॉलर भरले, तिथे सात वर्षांपेक्षा जुन्या नोंदी हा एक मुद्दा होता.

अर्ज नाकारला किंवा जास्त डिपॉझिट मागितलं आणि त्याला अहवाल कारणीभूत असेल, तर घरमालकाने तुम्हाला ज्या कंपनीकडून अहवाल घेतला तिचं नाव, पत्ता आणि फोन द्यायलाच हवा. ही सूचना मिळाल्यापासून ६० दिवसांत त्या कंपनीकडून अहवालाची प्रत फुकट मागता येते. ‘आमच्या पॉलिसीत बसत नाही’ एवढंच सांगितलं तर ही सूचना लेखी मागा. हरकत त्या स्क्रीनिंग कंपनीकडे घ्यायची, घरमालकाकडे नाही. केस नंबर, कोर्टाचं नाव, निकालाची प्रमाणित प्रत, ओळखपत्र, आणि एका ओळीत काय चूक आहे ते. कंपनीला तपासणीसाठी ३० दिवस मिळतात. तुम्ही मध्येच आणखी कागद पाठवले तर ते ४५ पर्यंत वाढू शकतात, म्हणून सगळे कागद पहिल्याच वेळी पाठवा. घर पसंत पडल्यावर हे करायला वेळ उरत नाही. एव्हिक्शनची केस कधीही झाली असेल तर शोध सुरू करण्याच्या दोन महिने आधी काउंटी कोर्टाच्या वेबसाइटवर स्वतःचं नाव शोधा. मोठ्या स्क्रीनिंग कंपन्यांकडून वर्षातून एकदा स्वतःची फाइल फुकट मागवता येते. त्यांची यादी सीएफपीबीच्या संकेतस्थळावर आहे. तीन ब्युरोंचे रिपोर्ट अॅन्युअलक्रेडिटरिपोर्ट डॉट कॉमवर दर आठवड्याला फुकट मिळतात, पण त्यांत एव्हिक्शनची केस सापडणार नाही हे वर आलंच आहे.

हरकत घेऊनही चूक तशीच राहिली तर फेअर क्रेडिट रिपोर्टिंगचं काम करणारा वकील गाठा. कंपनीने जाणूनबुजून किंवा बेफिकिरीने नियम मोडला असेल तर प्रत्येक उल्लंघनाला १०० ते १,००० डॉलरची भरपाई आणि वकिलाची फी कंपनीकडून मिळू शकते. त्यामुळे हे वकील पुष्कळदा आगाऊ पैसे घेत नाहीत. याउलट ‘एव्हिक्शन पुसून देतो, आधी पाचशे डॉलर भरा’ म्हणणाऱ्यांपासून दूर राहा. काम होण्याआधी पैसे घेणं क्रेडिट दुरुस्ती कंपन्यांना फेडरल कायद्याने मना आहे.

तळटीप

रूममेटबद्दल. एका लीजवर तिघांच्या सह्या असतील तर जवळजवळ नेहमीच प्रत्येक जण पूर्ण भाड्याला जबाबदार असतो. तुमचा वाटा ६०० डॉलर हा तुमचा आपसातला हिशेब, घरमालकाला १,८०० येणं आहे. केस दाखल होते ती तिघांच्या नावाने, आणि नोंद तिघांच्याही नावावर पडते. वेळेवर भरणाऱ्या दोघांनी तिसऱ्याचा वाटा आत्ता भरून नंतर त्याच्याकडून स्मॉल क्लेम्समध्ये (लहान रकमांच्या दाव्यांच्या कोर्टात) वसूल करणं हे जिवावर येतं, पण सात वर्षांच्या नोंदीपेक्षा स्वस्त पडतं. हमी देणारा कोणी असेल, काका, मित्र, कोणीही, तर बाकी त्याच्याही क्रेडिट रिपोर्टवर कलेक्शन म्हणून जाऊ शकते. त्याला आजच कळवा. प्रत्येक खोलीचं वेगळं लीज असेल, जसं विद्यापीठांजवळच्या कॉम्प्लेक्समध्ये असतं, तर हे लागू नाही.

व्हिसाबद्दल: एव्हिक्शन ही दिवाणी केस आहे, गुन्हा नाही. अटक किंवा गुन्ह्याबद्दलच्या इमिग्रेशन प्रश्नांत ती बसत नाही. खरा फटका मदतीच्या बाजूने बसतो. फेडरल निधीवर चालणाऱ्या लीगल एड (मोफत कायदेशीर मदत) संस्थांना नोकरीच्या एच-१बी किंवा विद्यार्थ्यांच्या एफ-१ सारख्या व्हिसावर असलेल्या बहुतेकांचं वकीलपत्र घेता येत नाही. त्यामुळे तिथून नकार आला तर तुमची बाजू कमकुवत आहे असा अर्थ काढू नका. लॉ स्कूलचं हाउसिंग क्लिनिक, राज्याच्या किंवा खासगी देणग्यांवर चालणाऱ्या संस्था, आणि विद्यार्थी असाल तर विद्यापीठाची विद्यार्थी-कायदा सेवा, हे दरवाजे उघडे असतात. २११ (स्थानिक मदतसेवांची माहिती देणारा नंबर) वर फोन करून दोन्ही विचारा: वकील आणि भाड्याची मदत.

रानवारा

एक जोड, कारण वर बहुतेक टेक्सासबद्दलच बोलणं झालं आणि इतर राज्यांतलेही हे वाचतील. टेक्सासमध्ये एव्हिक्शनची नोंद सील करण्याची सर्वसाधारण तरतूद नाही. कॅलिफोर्नियात केसची नोंद सुरुवातीपासून लोकांपासून झाकलेली असते आणि दाखल झाल्यापासून ६० दिवसांत घरमालक जिंकला तरच उघडी होते. तिथे समन्सला उत्तर द्यायला २०२५ पासून पाचऐवजी दहा कोर्ट-दिवस मिळतात, ते वापरा. कोलोरॅडोत निकालापर्यंत नोंद झाकलेली असते. वॉशिंग्टन राज्यात न्यायाधीश नोंदीचा प्रसार मर्यादित करण्याचा आदेश देऊ शकतात. मॅसॅच्युसेट्समध्ये मे २०२५ पासून सील करण्याचा अर्ज करता येतो. न्यूयॉर्कने २०१९ मध्ये जुन्या केसच्या आधारावर भाडेकरू नाकारण्यालाच बंदी घातली आणि अर्जाची तपासणी फी २० डॉलरवर आणली. सील होणं आपोआप आहे की अर्ज करावा लागतो, हे कोर्टाच्या क्लार्कला विचारा. आणि सील झाल्यावर आदेशाची प्रत स्क्रीनिंग कंपन्यांना स्वतः पाठवा, त्यांच्या जुन्या डेटामध्ये ती केस राहिलेली असते.

पाऊलवाट

शेवटचं. अर्जात ‘तुमचं कधी एव्हिक्शन झालं आहे का’ असा प्रश्न असतो. केस दाखल होऊन रद्द झाली असेल तर काय लिहायचं?

कडुलिंब

प्रश्न शब्दशः वाचा. ‘एव्हिक्ट केलं गेलं आहे का’ आणि ‘तुमच्याविरुद्ध कधी एव्हिक्शन दाखल झालं आहे का’ हे वेगळे प्रश्न आहेत. केस रद्द झाली असेल तर पहिल्याला ‘नाही’ हे खरं उत्तर आहे, दुसऱ्याला ‘हो’. दुसऱ्याला ‘नाही’ लिहून अहवालात केस सापडली तर नाकारण्याचं कारण एव्हिक्शन राहत नाही, खोटं उत्तर हे होतं, आणि लीज झाल्यावर सापडलं तर तेही मोडता येतं.

फी भरण्याआधी निवडीचे निकष लेखी मागा. टेक्सासमध्ये घरमालकाने ते अर्जाच्या वेळी द्यायला हवेत. न देता अर्ज नाकारला तर अर्जाची फी आणि अर्जासोबत घेतलेलं डिपॉझिट परत करावं लागतं. निकषांत ‘पाच वर्षांत कोणतंही फाइलिंग नको’ असं असेल तर तिथे पैसे घालू नका. ‘जजमेंट नको’ किंवा ‘बाकी फेडलेली असावी’ असं असेल तर अर्जासोबत अर्ध्या पानाचं पत्र जोडा: केस नंबर, निकाल, बाकी शून्य झाल्याची तारीख, आणि तेव्हाच्या अडचणीचं एका ओळीत कारण. सोबत केस रद्द झाल्याचा कागद, अंतिम लेजर, नोकरीचं पत्र आणि नंतरच्या सहा-बारा महिन्यांचं भाडं वेळेवर भरल्याचं बँक स्टेटमेंट. मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये निर्णय संगणकाचा गुणांक देतो आणि हे पत्र कोणी वाचेलच असं नाही. एक-दोन घरं भाड्याने देणारा मालक ते वाचतो, म्हणून शोध तिथून सुरू करा. जास्त डिपॉझिट देऊ करताना राज्याची मर्यादा बघा. कॅलिफोर्नियात जुलै २०२४ पासून बहुतेक घरमालकांना एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, न्यूयॉर्कमध्येही एकच महिना, न्यूजर्सीत दीड. टेक्सासमध्ये मर्यादा नाही, त्यामुळे तिथे दोन महिन्यांचं डिपॉझिट देऊ केलं तर बोलणं पुढे सरकू शकतं.